पाहुण्याला जिताडा, घराला जवळा

हल्ली सगळ्यांना घरचं खायचंय. आपल्या घरचं नव्हे, दुसऱ्याच्या. आपल्या घरची मेथीची भाजी डब्यात तशीच परत येते. दुसऱ्याच्या घरची मात्र ‘ऑथेंटिक’ असते. अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर जागोजागी ‘घरगुती आगरी-कोळी जेवण’ अशा पाट्या लागल्यात. फोन उघडला की कुणाच्या तरी काकू कुणाच्या तरी चुलीपुढे बसलेल्या दिसतात आणि पाठीमागे बासरी वाजत असते. जपानला फिरायला जाणाऱ्यांमध्येही ही हौस आलीय: तिथल्या एखाद्या कुटुंबाच्या घरी पैसे भरून पाहुणं म्हणून जायचं, त्या बाईंबरोबर ओट्याशी उभं राहून दोन-तीन तासांत सुशी वळायची, फोटो काढायचा आणि परत आल्यावर सांगायचं की जपानी लोक घरी काय खातात ते आम्ही आतून बघितलं. सुशी ही तिथेही बहुतेक वेळा बाहेर जाऊन किंवा बाहेरून आणून खायची गोष्ट. रोजच्या घरात भात, मिसो सूप, लोणचं, एखादा भाजलेला मासा, एखादी भाजी. पण ते शिकायला कोण पैसे भरणार?

माझं म्हणणं सरळ आहे. पाहुणे म्हणून तुम्ही कुणाच्याही घरी गेलात, तरी तुम्हाला घरचं जेवण मिळत नाही. तुम्हाला पाहुण्याचं जेवण मिळतं. या दोन वेगळ्या पाककला आहेत आणि त्यातल्या दुसरीलाच पहिली समजून आपण तिची कौतुकं लिहितोय, व्हिडिओ काढतोय, पुस्तकं छापतोय. त्यात जे नुकसान व्हायचं ते पहिलीचं होतंय.

यासाठी हमरापूर हे उत्तम उदाहरण आहे. पनवेल-रोहा मार्गावर जिते सोडलं की हमरापूर येतं आणि मग पेण. महामार्गानं आलात तर हमरापूर फाटा. गाव माहीत आहे ते गणपतींमुळे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात घराघराला कारखाना आहे. ‘कारखाना’ हा तिथलाच शब्द. पत्र्याच्या शेडखाली ओळीनं मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती, रंगाचे डबे, आणि कोपऱ्यात लोळणारं एखादं कुत्रं. मुंबई-पुण्याचे लोक इथे मूर्ती ठरवायला येतात, दरवर्षी त्याच कारखान्यात येतात, ओळख होते, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘जेवून जा.’ शहरातला माणूस हरखतो. आगरी घरात, पाटावर बसून, खरंखुरं जेवण!

त्या दिवशी त्याच्या ताटात काय येतं? जिताडा.

जिताडा म्हणजे कोण ते आधी सांगायला हवं. बंगाली लोक त्याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात तो बॅरामुंडी असतो. खाडीत त्याची पिल्लं येतात. ती धरून पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात लोक घरापुढच्या किंवा शेतातल्या तळ्यात सोडतात आणि वाढवतात. वाढवतात कशासाठी? फार थोड्या वेळा स्वतःसाठी. तळ्यातला मोठा जिताडा हा व्याही येणार असेल, साहेब येणार असतील, काम अडलं असेल, तेव्हा काढायचा मासा आहे. या भागात कचेरीतलं एखादं काम पटकन झालं की ‘जिताडा पोचला वाटतं’ हा विनोद आजही चालतो. म्हणजे ज्या माशाला पाहुणे ‘रायगडची खासियत’ म्हणून मिटक्या मारत खातात, तो इथल्या घराचा रोजचा मासा कधी नव्हताच. तो घराचा बाहेरचा चेहरा आहे, इस्त्रीच्या शर्टासारखा.

घराचा आतला चेहरा जवळा आहे. बोटाच्या पेराएवढीही लांबी नसलेली, उन्हात वाळवलेली, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके असलेली ती कोलंबी. त्याहून थोडी मोठी सुकट. मग सुके बोंबील, सुकी मांदेली, वाकट्या. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, लावणी चालू असते, आणि हमरापुरात तर कारखान्यात मूर्तींची घाई सुरू झालेली असते. बायका शेतावरही असतात आणि कारखान्यातही: घासकाम, अस्तराचा रंग, पॅकिंग. त्या दिवसांत दुपारी बाराला घरी येऊन पाऊण तासात आठ माणसांना जेवायला घालायचं, तर पत्र्याच्या डब्यातलं सुकं म्हावरं हाच आधार. कांदा, ठेचलेला लसूण, हळद, एप्रिल-मेमध्ये डंखावर कुटून बरणीत भरलेला वर्षाचा मसाला, आंबटाला चिंच नाहीतर आंबोशी, भर म्हणून वांगं किंवा बटाटा, आणि माणसं वाढतील तसं वाढणारं पाणी. सोबत भात. भाकरी करायला वेळ मिळाला तर तांदळाची भाकरी.

हे जेवण पाहुण्याला दिसत नाही. म्हणजे दिसू दिलं जात नाही. पाहुणा यायच्या दिवशी जवळ्याचा डबा वरच्या फळीवर जातो, उदबत्ती लागते, आणि कोणी विचारलंच की ‘रोज काय करता?’ तर उत्तर येतं, ‘आमचं काय, साधंच.’ त्या ‘साधंच’ या शब्दामागे सगळी पाककला लपलेली असते आणि लाजही. लाज कुठून आली हे मुंबईत भाड्यानं घर शोधलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ‘मासे करत नाही ना?’ हा प्रश्न दलाल आजही बिनदिक्कत विचारतो. ताजी सुरमई एकवेळ खपून जाते. सुका बोंबील तव्यावर टाकला की जिन्यात चर्चा होते. गावातली जी मुलगी शिकून नवी मुंबईत नोकरीला लागली, तिच्या डब्यात जवळा जात नाही. तिला कुणी मनाई केलेली नसते. एकदा कुणीतरी डबा उघडताना नाक मुरडलेलं असतं, तेवढं पुरतं.

इथे जपानकडे परत वळलंच पाहिजे, कारण खरी गंमत तिथे आहे. जपानी घरच्या स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचं पाणी आहे. ते कशाचं करतात? समुद्री शेवाळाचं, वाळवून लाकडासारख्या कडक केलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचं, आणि अगदी साध्या घरांमध्ये ‘निबोशी’चं. निबोशी म्हणजे उकडून वाळवलेले छोटे मासे. आपल्या सुक्या मांदेलीचे लांबचे भाऊ म्हणा. अनेक घरांत त्यांचं डोकं आणि पोट काढून टाकतात, नाहीतर पाण्याला कडवटपणा येतो. सुकटीची डोकी मोडत बसलेल्या कुठल्याही आगरी आजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं शेवाळाच्या दाशीतली चव कशामुळे येते ते शोधलं आणि तिला ‘उमामी’ नाव दिलं. १९१३ साली त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या कात्सुओ माशातलं चवीचं द्रव्य शोधलं. २०१३ साली युनेस्कोनं जपानी पारंपरिक आहाराला, ‘वाशोकू’ला, मानवी वारशाच्या यादीत घेतलं.

आता वांद्र्याच्या रेस्टॉरंटमध्ये बसून सुक्या माशाच्या पाण्यात बुडालेलं रामेन आठशे-हजार रुपयांना ओरपणारा आणि ‘काय उमामी आहे!’ म्हणणारा मराठी तरुण डोळ्यांपुढे आणा. हाच तरुण हमरापूरला गेला आणि त्याच्यापुढे जवळ्याचं कालवण आलं, तर? येणारच नाही म्हणा, त्याच्यापुढे जिताडा येईल. पण शेजारच्या घरातून वास आला तरी तो गाडीची काच वर करेल. सुक्या माशाचा वास टोकियोहून आला की संस्कृती, आणि आळीतून आला की घाण. या दुटप्पीपणाला चवीचं कारण देता येत नाही. कोणाच्या घरातून वास येतो, यावरून आपण नाक ठरवतो. आणि आपल्याकडे ‘कोणाचं घर’ या प्रश्नात जात आधी येते.

मला कुणाला रामेन सोडायला सांगायचं नाही. माझं भांडण शिकण्याच्या पद्धतीशी आहे.

हमरापूरच्या कारखान्यात मूर्तीचं अंग साच्यातून निघतं. साचा भरला, जोड दिले, घासलं, की मूर्ती उभी राहते. पण डोळे साच्यातून निघत नाहीत. डोळ्यांच्या रेषेला इथे ‘आखणी’ म्हणतात आणि आखणी करणारा कारागीर वेगळा असतो. त्याचा हात चालतो तेव्हा बाकीचे बोलायचे थांबतात. समजा, कुणी पाहुणा येऊन म्हणाला, ‘दादा, मला आज दुपारी आखणी शिकवा, चारची गाडी आहे,’ तर सगळा कारखाना हसेल. पहिली दोन वर्षं रंगाचे डबे ढवळ, मग अस्तर मार, मग बघू, असं त्याला सांगतील. आणि पाहुण्यालाही ते रास्त वाटेल, कारण ती ‘कला’ आहे.

त्याच घराच्या मागच्या खोलीत तोच पाहुणा जातो आणि म्हणतो, ‘वहिनी, भाकरी कशी करता ते दाखवा ना, व्हिडिओ काढतो.’ त्यावर कुणी हसत नाही. का हसत नाही? कारण बाईचा स्वयंपाक एका दुपारी उचलून नेण्यासारखा असतो, यावर पाहुण्याचाही विश्वास आहे आणि घरातल्या पुरुषांचाही. उकड काढताना पाणी किती, विचारलं तर ती म्हणते ‘बसेल एवढं.’ पाहुण्याला वाटतं हिला सांगता येत नाही, हिच्याकडे शास्त्र नाही. अहो, तीच आखणी आहे! पीठ यंदाच्या तांदळाचं की गेल्या वर्षीच्या, जातं कसं लागलंय, दळून किती दिवस झाले, यावर ते ‘एवढं’ ठरतं. तिच्या बोटांना ते कळतं आणि ते कळायला तिला तुमच्या कॉलेजच्या पदवीपेक्षा जास्त वर्षं लागलीत. रेसिपी हा साचा आहे. साच्याला नावं ठेवण्याचं कारण नाही, त्यानं अंग उभं राहतं. पण साचा घेऊन गेलेल्यानं आपण मूर्तिकार झालो असं सांगत फिरू नये.

आपल्याकडे पाहुण्याबद्दलची जुनी म्हण आहे: एक दिवसाचा पाहुणा, दुसऱ्या दिवशीही चालून जातो, तिसऱ्या दिवशी मात्र त्याची अक्कल कुठे गेली असं विचारतात. ही म्हण यजमानाच्या बाजूनं खरीच आहे. पण शिकायचं असेल, तर मी उलट म्हणेन: घरचा स्वयंपाक तिसऱ्या दिवशी सुरू होतो. पहिल्या दिवशी जिताडा. दुसऱ्या दिवशी कोंबडी, कारण काल मासे झाले. तिसऱ्या दिवशी घरातल्या पैशांचा आणि उत्साहाचा अंत होतो, बाई दमलेली असते, तुमची भीड चेपलेली असते, आणि वरच्या फळीवरचा डबा खाली येतो. तेव्हा कुणी तुम्हाला ‘बसा बसा’ म्हणत नाही. सुकट निवडायला सूप पुढ्यात येतं. डोकी एका बाजूला, शेपट्या एका बाजूला, बोटांना बारीक काटे टोचतात, आणि त्या अर्ध्या तासात जे कानावर पडतं ते कुठल्या रीलमध्ये नसतं. कुठल्या भाचीच्या घरी मसाला यंदा काळा पडला आणि का. पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढायचे, ते कुठल्या कोंडीत सापडायचे. शेवळं घशाला खाजू नयेत म्हणून त्यांत काकडं टाकतात, ती आता कोणत्या बाजूच्या झाडावर मिळतात. गौरीच्या दिवशी कोणाच्या घरी गोडाचा नैवेद्य असतो आणि कोणाच्या घरी तिखटाचा, आणि तिखटाचा असतो त्यांना कोण काय बोललं होतं. घरचा स्वयंपाक म्हणजे ही सगळी माहिती. कालवण हा तिचा शेवटचा, उकळणारा भाग.

आणखी एक परीक्षा आहे, ती जास्त कडक. आपण जेवलेलं घरचं होतं की पाहुण्याचं हे ओळखायचं असेल, तर रांधणारीच्या ताटात काय होतं ते आठवून बघा. आठवत नाही ना? कारण तुम्ही तिला जेवताना पाहिलेलंच नाही. आधी पाहुणा, मग पुरुष आणि मुलं, मग ती. तोवर जिताड्याच्या तुकड्या संपलेल्या असतात; डोकं उरलं असेल तर असेल, रस्सा असतो, आणि तिनं स्वतःसाठी तव्यावर मूठभर जवळा परतलेला असतो. घरचं जेवण खायला आलेल्या पाहुण्याच्या येण्यामुळे घरातली एक बाई त्या दिवशी रोजच्याहून उशिरा आणि रोजच्याहून कमी जेवते. ‘किती आग्रह केला हो त्यांनी!’ असं लिहिणाऱ्यांनी तो आग्रह कुणाच्या वाट्यातून आला तेही लिहावं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मग काय, गावातल्या बायकांनी घरगुती जेवणाचा धंदाही करू नये? जरूर करावा. पेणचे पोहे आणि पापड नावारूपाला आले ते बायकांच्या हातांवरच, आणि बचत गटांना चार पैसे मिळत असतील तर त्यात वाईट वाटावं असं काही नाही. उलट माझी तक्रार अशी की पैसे फार कमी मिळतात आणि चुकीच्या गोष्टीचे मिळतात. थाळीचे पैसे मिळतात, शिकवण्याचे मिळत नाहीत. जपानमध्ये निदान त्या दोन तासांचे पैसे मोजतात. आपल्याकडे ‘काकू, रेसिपी सांगा ना’ हे फुकट असतं, कारण ते प्रेमानं विचारलेलं असतं. प्रेमानं विचारलेल्या त्या रेसिपीवर पुढे कुणाचं तरी चॅनेल चालतं. चित्रकलेच्या वर्गाची फी भरता, गिटारची भरता, भाकरीची भरा. आठवडाभर या, सूप हातात घ्या, भांडी घासा, आणि फी भरा.

पैशाच्या मागोमाग दुसरी गोष्ट येते. विकायला लागलं की घर स्वतःच पाहुण्यासाठी शिजवायला लागतं, अगदी पाहुणा नसतानाही. पोपटी बघा. भात निघाल्यावर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल येतात. त्यांच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्या भाजायच्या, वर गवत-पेंढा पेटवायचा, आणि थंडीत कोंडाळं करून खायच्या. ती ज्याच्या शेतात वाल आहे त्याची मजा होती. आता थंडी आली की रिसॉर्टांवर ‘पोपटी पार्टी’चे फलक लागतात. मडकं तेच, पाला तोच, पण शेंगा मूठभर आणि मसाला लावलेलं चिकन मडकंभर, कारण पाहुण्याला शेंगांत काय मिळणार? उद्या एखादं पोर विचारेल, पोपटीत वाल का घालतात, आणि सांगायला कुणी नसेल, कारण वालाचं शेतच नसेल.

शेत नसेल ही शक्यता मी हवेतून काढत नाही. या भागातला भात, वाल, तळ्यातला जिताडा, खाजणातली चिंबोरी आणि निवट्या, सगळं एका व्यवस्थेवर उभं आहे: खाडीचं पाणी अडवणारे बांध, ते सोडायच्या-धरायच्या उघाड्या, आणि बांध फुटला की धावून जाणारं गाव. महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायच्या ठरल्या तेव्हा पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचं जनमत घेण्यात आलं. त्या सेझविरुद्ध लोक वर्षानुवर्षं लढले. आता त्याच टापूला ‘तिसरी मुंबई’ म्हणतात आणि उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगराची आखणी झालीय. आखणी हा शब्द इथेही आलाच.

जमीन गेली की पाहुण्याचं जेवण जात नाही, हे लक्षात घ्या. जिताडा पैदास केंद्रातल्या पिल्लांपासून पिंजऱ्यात वाढवता येतो, कुठूनही मागवता येतो. ‘आगरी थाळी’ उद्या पनवेलच्या मॉलमध्ये जास्त चकचकीत मिळेल, आणि तिच्या भिंतीवर होडीचं वल्हं टांगलेलं असेल. जातं ते बाईच्या ताटातलं. बांधाच्या आतलं जाडं लालसर तांदूळ, शेताच्या कडेचं टाकळ्याचं पान, उघाडीपाशी टाकलेल्या जाळ्यात आलेलं किलोच्या हिशेबात न बसणारं बारीक म्हावरं. ते बाजारात नसतं म्हणून त्याला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून नुकसानभरपाईच्या कागदावर त्याचा रकाना नाही. जे जेवण पाहुण्यानं कधी पाहिलंच नाही, ते गेलं तरी पाहुणा कसा हळहळणार?

म्हणून ते लिहिलं गेलं पाहिजे, आणि ते पाहुण्यांनी लिहून भागणार नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतलं अन्न लिहिलं, ते त्या अन्नावर वाढलेल्या माणसाच्या अधिकारानं. त्यात कुणाला जेवायला बोलावल्याचा आव नाही. हमरापूर-जोह्याच्या कुठल्या तरी मुलीनं, डब्यात जवळा न नेणाऱ्या त्याच मुलीनं, आईच्या डब्यांची यादी करायला घेतली, कोणत्या महिन्यात कोणता डबा भरतो आणि कोणता रिकामा होतो एवढंच लिहिलं, तरी आजवरच्या सगळ्या ‘ऑथेंटिक आगरी रेसिपीज’पेक्षा ते जास्त असेल.

तिला पहिलीच अडचण जवळ्यापाशी येईल. काही बायका जवळा आधी तव्यावर कोरडा खमंग भाजतात आणि मग पाण्यातून काढतात. काहींचं म्हणणं, आधी धुवा, रेती जाऊ द्या, मग भाजा, नाहीतर दाताखाली कचकच येते. एकाच आळीतल्या दोन जावांचं यावर एकमत होत नाही. दोघींच्याही सासूबाई एकच होत्या.